कर्नलसाहेब आणायचे कुठून?

गेले काही दिवस आपल्या भागातल्या तीन-चार ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय. कासा, चारोटी, सायवन, तलासरी, सगळीकडे तोच. थोडक्यात मजकूर असा की आता पुढारी पुरे झाले, मिलिटरीतून रिटायर झालेला एखादा कर्नल, मेजर बघा, त्यालाच उभं करा, सहा महिन्यांत सगळं सरळ होईल. खाली अंगठ्यांची आणि झेंड्यांची रांग. दोघा-तिघांनी मला टॅग करून विचारलं, "पत्रकार, तुमचं काय मत?"

मत मोठं आहे, कमेंटमध्ये मावणार नाही. म्हणून इथे लिहितोय. वेळ असेल तर वाचा.

मेसेज लिहिणाऱ्याची चीड मला समजते. आपल्या नाक्यावर उभं राहिलं की दिवसभर हायवे दिसतो. मुंबई ते अहमदाबाद माल जातो, माणसं जातात, आणि अपघात झाला की जखमी कासा रुग्णालयात येतात. २०२२ च्या सप्टेंबरात सायरस मिस्त्रींची गाडी सूर्या नदीच्या पुलावर आदळली तेव्हा चार दिवस देशभरचे कॅमेरे इथे होते, मग गेले. असं बघत राहिलेल्या माणसाला वाटणारच की कुणीतरी शिस्तीचा, वेळेवर उठणारा, चहापाण्याला न भुलणारा माणूस हवा. आणि तसा माणूस म्हटला की डोळ्यांपुढे येतो गणवेश.

पण या मेसेजमध्ये पहिलीच अडचण अशी आहे की तो लिहिणाऱ्याने आपल्या मतदारसंघांची यादी बघितलेली नाही. पालघर लोकसभा अनुसूचित जमातीसाठी राखीव. डहाणू, विक्रमगड, पालघर, बोईसर या चारही विधानसभा राखीव. डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात, त्यामुळे ग्रामपंचायतीचं सरपंचपदही आदिवासी उमेदवारासाठीच. म्हणजे मुंबई-पुण्याहून एखादे कर्नलसाहेब आपल्याकडे फार्महाऊस घेऊन राहिले आणि त्यांना कितीही सेवा करावीशी वाटली, तरी या जागांवर ते उभेच राहू शकत नाहीत. अर्ज छाननीतच बाद. हे राखीवपण चुकीचं आहे असं कुणी म्हणू नका, ते का आलं हे १९४५ चा वारल्यांचा उठाव माहीत असणाऱ्याला सांगावं लागत नाही. मुद्दा एवढाच की "ऑफिसर उभा करा" म्हणताना तो ऑफिसर वारली, मल्हार कोळी, कोकणा, काथोडी घरातला असावा लागेल. असे किती आहेत? तुम्ही मोजा. या प्रश्नाकडे मी शेवटी येतो, कारण खरा विषय तोच आहे. आधी ज्यांनी ही वाट धरली त्यांचं काय झालं ते बघू.

ही वाट जुनी आहे. १९७१ ची लोकसभा आठवणारे आता थोडेच उरलेत. त्या निवडणुकीत मुंबईतून जनरल करिअप्पा उभे होते. तेच करिअप्पा, जे १५ जानेवारी १९४९ ला भारतीय लष्कराचे पहिले भारतीय सरसेनापती झाले आणि ज्यांच्यामुळे आपण त्या तारखेला सेना दिन पाळतो. सत्तरी ओलांडलेला माणूस, अपक्ष, पाठीशी शिवसेना. यापेक्षा मोठा फौजी उमेदवार या देशात कुणाला मिळणार होता? तरी ते पडले. ती इंदिरा गांधींच्या 'गरिबी हटाओ'ची निवडणूक होती, आणि चाळीतल्या माणसाला रेशन आणि नोकरीचं बोलणारा हवा होता. लोकांनी जनरलसाहेबांना सलाम केला आणि मत दुसऱ्याला दिलं. यात लोकांचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

त्यानंतर वीस वर्षांनी कोकणात उलटं झालं. राजापूर मतदारसंघातून मधू दंडवते १९७१ पासून सलग पाच वेळा निवडून आले होते. कोकण रेल्वेचं नाव घेतलं की ज्यांचं नाव घ्यावं लागतं ते दंडवते. १९९१ ला त्यांना हरवून काँग्रेसचे सुधीर सावंत लोकसभेत गेले, ज्यांना आज सगळा महाराष्ट्र ब्रिगेडियर सुधीर सावंत म्हणून ओळखतो. कोकणात घरटी एक माणूस फौजेत अशी गावं आहेत, तिथे गणवेशाला वजन असणारच. पण ते वजन एक टर्म टिकलं. १९९६ ला शिवसेनेचे सुरेश प्रभू आले, आणि ते चार्टर्ड अकाउंटंट. लोकांनी प्रोफेसर बघितला, फौजी बघितला, मग हिशेबनीस बघितला. पुढे सावंत आम आदमी पक्षाचे राज्यातले नेते झाले. फौजेत रेजिमेंट आयुष्यभर एकच असते, राजकारणात तसं राहत नाही, हे त्यांच्याबाबतीतच नव्हे, बहुतेकांच्या बाबतीत दिसतं.

पुण्याचे सुरेश कलमाडी हवाई दलाचे वैमानिक होते, हे आज किती जणांच्या लक्षात आहे? एनडीएतून गेलेले, दोन युद्धांच्या काळात सेवेत असलेले. पुण्यातून १९९६, २००४ आणि २००९ ला लोकसभेवर निवडून आले. लोकांच्या लक्षात राहिलं ते २०१० चं कॉमनवेल्थ आणि एप्रिल २०११ ची अटक. न्यायाला धरून हेही सांगायला हवं की मनी लाँडरिंगच्या प्रकरणात ईडीने काही सापडलं नाही असा अहवाल दिला आणि २०२५ मध्ये दिल्लीच्या कोर्टाने तो स्वीकारला. कलमाडी दोषी की निर्दोष हा माझा मुद्दा नाही. मुद्दा असा की वीस-पंचवीस वर्षं राजकारण केल्यावर त्यांच्याकडे बघताना कुणालाही पायलट दिसत नव्हता, पुढारीच दिसत होता. गणवेशाचा रंग किती दिवस टिकतो याचा तो हिशेब आहे.

उत्तरेकडे तर या गोष्टींचा बाजारच भरलाय. दोन लढती मला फार आवडतात. २०१४ ला राजस्थानात बाडमेरमध्ये माजी मेजर जसवंत सिंह, ज्यांनी देशाचं परराष्ट्र, अर्थ आणि संरक्षण अशी तिन्ही खाती सांभाळली, ते तिकीट न मिळाल्याने अपक्ष उभे राहिले. त्यांना पाडलं भाजपच्या कर्नल सोनाराम चौधरींनी. २०१७ ला पंजाबात पतियाळ्याला माजी लष्करप्रमुख जनरल जे. जे. सिंग उभे राहिले कॅप्टन अमरिंदर सिंग यांच्याविरुद्ध. जनरलचं डिपॉझिट गेलं, कॅप्टन मुख्यमंत्री झाला. लष्करात असं घडलं असतं तर कोर्ट मार्शल झालं असतं! पण मतपेटीला हुद्दे वाचता येत नाहीत. २०१४ ला गाझियाबादमधून जनरल व्ही. के. सिंग साडेपाच लाखांहून जास्त मतांनी आले हेही खरं. त्यातली किती मतं जनरलची आणि किती त्या वर्षीच्या लाटेची, हे ज्याने त्याने ठरवावं.

या सगळ्यांत मला सर्वांत शिकण्यासारखा वाटतो तो उत्तराखंडचे मेजर जनरल भुवनचंद्र खंडुरी यांचा प्रवास. वाजपेयींच्या काळात सुवर्ण चतुष्कोनाचं काम त्यांच्या खात्याने केलं, म्हणजे आपला हा हायवे चौपदरी झाला त्यातही त्यांचा वाटा. दोनदा मुख्यमंत्री झाले. २०१२ ला पक्षाने 'खंडुरी है जरूरी' अशी घोषणा दिली, निवडणूक त्यांच्या स्वच्छ नावावर लढवली, आणि मुख्यमंत्री असताना स्वतः खंडुरीच कोटद्वारमधून पडले. प्रामाणिक होते, कडक होते, हे विरोधकही मान्य करायचे. पण कडकपणाने कार्यकर्ते दुखावतात, आणि मतदानाच्या दिवशी माणसं घराबाहेर काढायला कार्यकर्तेच लागतात.

त्यांची दुसरी गोष्ट कमी जणांना माहीत आहे. पुढे ते खासदार म्हणून संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीचे अध्यक्ष झाले. २०१८ च्या मार्चमध्ये त्या समितीने अहवाल दिला की लष्कराची ६८ टक्के सामग्री जुनाट झालीय आणि पैसा अपुरा पडतोय. सरकार त्यांच्याच पक्षाचं. काही महिन्यांत अध्यक्षपदावर दुसरे आले. निवृत्त अधिकारी संसदेत असण्याचा खरा उपयोग काय, असं कुणी विचारलं तर मी हे उदाहरण देतो. ज्या विषयातलं आपल्याला कळतं त्यावर, आपल्याच सरकारला न आवडणारं, कागदावर लिहून देणं. त्याची किंमत काय, तेही त्यात दिसतं.

आता जवळ या. गोव्यात. कारण तिथली गोष्ट आपल्या डहाणूच्या फार जवळची आहे.

२०२४ च्या जूनमध्ये दक्षिण गोव्यातून काँग्रेसचे कॅप्टन विरियातो फर्नांडिस खासदार झाले. नौदलातून निवृत्त झालेला, कारगिलच्या काळात सेवेत असलेला अधिकारी. (नौदलातला कॅप्टन म्हणजे भूदलातल्या कर्नलच्या बरोबरीचा, बरं का. आपल्याकडे क्रिकेट टीमच्या कॅप्टनपासून सगळे एकाच मापात मोजतात.) समोर भाजपच्या पल्लवी धेंपे, गोव्यातल्या मोठ्या उद्योगघराण्यातल्या. काँग्रेसने विद्यमान खासदार फ्रान्सिस सार्दिन यांना बाजूला ठेवून कॅप्टनना तिकीट दिलं होतं. ते १३,५३५ मतांनी आले.

बातमी इथे संपते. पण मला त्याच्या आधीची वर्षं महत्त्वाची वाटतात. निवृत्त झाल्यावर हा माणूस थेट पक्षाच्या ऑफिसात हार घालून घ्यायला गेला नाही. मुरगाव बंदरात कोळसा उतरतो, तो रेल्वेने गोव्यातून कर्नाटकातल्या कारखान्यांकडे जातो, त्याची काळी भुकटी वास्कोत लोकांच्या गॅलरीत, ताटात, फुफ्फुसात. ही वाहतूक वाढवायला रेल्वेचा मार्ग दुहेरी करायचा घाट घातला गेला तेव्हा लोक उठले. २०२० च्या नोव्हेंबरात चांदोरला रात्री हजारो माणसं रुळांजवळ जमली होती. या कोळसाविरोधी आंदोलनात, 'गोंयचो आवाज'सारख्या संघटनेत, कॅप्टन फर्नांडिस होते. पत्रकं, सभा, निवेदनं, अभ्यास. म्हणजे आंदोलनातला माणूस करतो ती सगळी कंटाळवाणी कामं.

आणि तरीही पहिल्या फेरीत ते पडले. २०२२ ला दाबोळी विधानसभेत काँग्रेसकडून उभे राहिले, माविन गुदिन्हो यांनी त्यांना हरवलं. दाबोळी म्हणजे विमानतळ आणि नौदलाचा तळ जिथे आहे तो भाग! नौदलाचा अधिकारी नौदलाच्या दारात पडला. पण पडल्यावर घरी बसले नाहीत. दोन वर्षांनी लोकसभेला आले.

त्यांचं सगळंच मला पटतं असं नाही. प्रचारात त्यांनी भारताची घटना गोव्यावर लादली गेली अशा अर्थाचं विधान केलं. पोर्तुगीज पासपोर्टवाल्या गोवेकरांच्या दुहेरी नागरिकत्वाच्या संदर्भात बोलले होते, पण ज्याने घटनेची शपथ घेऊन गणवेश घातला त्याच्या तोंडी ते वाक्य शोभलं नाही. पंतप्रधानांपर्यंत सगळ्यांनी झोडपलं. फौजी माणूस तोंडाचा पक्का असतो असा एक समज आहे. असतो, पण प्रचाराच्या गाडीवर चढल्यावर सगळ्यांचीच जीभ सारखी घसरते.

तरी त्यांची वाट मला बरोबर वाटते. गणवेश उतरवणं आणि मत मागणं यांच्या मध्ये काही वर्षं आहेत, आणि त्या वर्षांत लोकांच्या एका प्रश्नावर उन्हात उभं राहणं आहे. माझं मोजमाप तेच आहे. साहेब निवृत्त कधी झाले, उभे कधी राहिले, आणि मधल्या काळात कुठे होते? मधला काळ जर क्लबात किंवा एखाद्या कंपनीच्या संचालक मंडळात गेला असेल तर छातीवरची पदकं बघून मी मत देणार नाही. पदकांसाठी देश त्यांचा ऋणी आहे, पण ते ऋण मतदारसंघाने फेडायचं नसतं.

या मधल्या काळाबद्दल कायदा काय म्हणतो? गंमत आहे. नोकरीत असताना बंदी पक्की. लष्करी कायदा १९५० आणि त्याखालचे १९५४ चे नियम सैनिकाला राजकीय सभेत भाग घ्यायला, पक्षाचं काम करायला मनाई करतात. तो मत देऊ शकतो, बास. निवृत्तीनंतर मोठ्या हुद्द्याच्या अधिकाऱ्याला खासगी कंपनीत नोकरी धरायची असेल तर पहिल्या वर्षात सरकारची परवानगी काढावी लागते, म्हणजे पदाचा फायदा उठवला जाऊ नये. पण पक्षात जायचं असेल तर? आज निवृत्त, उद्या प्रवेश, परवा उमेदवारी, सगळं चालतं. सनदी अधिकाऱ्यांनी निवृत्तीनंतर काही काळ थांबूनच निवडणूक लढवावी अशी याचिका सुप्रीम कोर्टात गेली होती, २०२२ ला कोर्टाने हे कायदेमंडळाने ठरवायचं असं सांगून ती ऐकायला नकार दिला. कायदेमंडळ म्हणजे ज्यांना असे उमेदवार हवे असतात तेच. माझं मत, एक-दोन वर्षं तरी थांबायला लावावं. सिमेंट कंपनीत जाण्याआधी परवानगी लागते, मग लोकांवर राज्य करायला जाण्याआधी थोडं थांबलं तर काय बिघडलं?

आणि पोस्टरांचं एक सांगायचंय. आपल्याकडे निवडणूक आली की बॅनरवर रणगाडा, विमान, जवानाचा सॅल्यूट, मध्ये उमेदवाराचा फोटो. ज्याने एनसीसीची परेडही केलेली नसते तोसुद्धा. निवडणूक आयोगाने २०१३ मध्ये पक्षांना सांगितलंय की सैनिकांचे फोटो प्रचारात वापरू नका, आणि २०१९ च्या मार्चमध्ये ते पुन्हा बजावलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये दीडशेवर माजी सैनिकांच्या नावाने राष्ट्रपतींना पत्र गेलं की सैन्याचा राजकीय वापर थांबवा. त्यातल्या काही बड्या अधिकाऱ्यांनी नंतर आपण सही केली नाही असं सांगितलं, त्यावरून बराच धुरळा उडाला. पण पत्रातला मुद्दा खोटा नव्हता. सैन्य सगळ्यांचं आहे, म्हणून कुणाच्याच बॅनरवर नको.

"पण फौजी शिस्त आणेल ना?" हा प्रश्न येणार, मला माहीत आहे. शिस्त चांगलीच. मी स्वतः सभेला वेळेवर गेलो की खुर्च्या मांडायला मदत करावी लागते, इतका आपल्याकडे वेळेचा आनंद. पण फौजेत हुकूम सुटला की काम होतं. ग्रामसभेत हुकूम चालत नाही. पेसा कायद्याने आपल्याकडे ग्रामसभेला जमीन, गौण खनिज, तळी, जंगल यांवर बोलायचा हक्क दिलाय. तिथे पाड्यावरची एखादी आजी उठून विचारते की हापशी सहा महिने बंद का, तिला "बसा खाली" म्हणता येत नाही. तिचं ऐकून घ्यावं लागतं, मग शेजारच्या पाड्याचं, मग दोघांचं भांडण. राजकारणाचं नव्वद टक्के काम हे ऐकून घेणं आहे. ज्यांना हे जमलं ते फौजी टिकले. राळेगणच्या अण्णा हजारेंचं बघा, ते लष्करात ट्रक चालवायचे, अधिकारी नव्हते. १९७५ ला परत आले, गावात पाणी अडवण्यापासून सुरुवात केली. त्यांच्या पुढच्या आंदोलनांबद्दल वाद घाला, पण गावाचं काम करायला त्यांना कधी निवडणूक लढवावी लागली नाही.

उलट बाजूने आपला डहाणूच बघा. आमदार विनोद निकोले. २०१९ च्या शपथपत्रांनुसार राज्यात सर्वांत कमी मालमत्ता असलेले आमदार, आधी वडापावची गाडी चालवलेले, मग माकपचे पूर्णवेळ कार्यकर्ते. २०२४ ला पुन्हा आले. त्यांच्या पक्षाशी तुमचं पटो न पटो, पण मोर्चात चालून चालून तयार झालेला माणूस हा आपल्याकडचा जुना नमुना आहे. त्यांच्यासमोर उद्या एखादा निवृत्त अधिकारी उभा राहिला तर त्याला मी गणवेशाबद्दल काहीच विचारणार नाही. विचारेन ते हे.

सूर्या प्रकल्प सिंचनासाठी बांधला. त्याच धामणीच्या पाण्यातून आता रोज ४०३ दशलक्ष लिटरची योजना, १८५ वसई-विरारला, २१८ मीरा-भाईंदरला. नदी आपल्या दारातून जाते, धरणात जमिनी आपल्या माणसांच्या गेल्या, आणि मे महिन्यात पाड्यांवर बाया हंडे घेऊन किती लांब जातात ते तुम्ही बघता. साहेब, यावर तुमचं म्हणणं काय? वाढवण बंदराचं भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्ये झालं, खर्च ७६ हजार कोटींच्या वर. बंदर किनाऱ्यावर, पण त्याचा ३२ किलोमीटरचा रस्ता तव्यापर्यंत येणार, म्हणजे आपल्या कुशीत. मच्छीमार अजून विरोधात आहेत. नौदलातला माणूस असेल तर समुद्र, भराव, मासे यांतलं त्याला आपल्यापेक्षा जास्त कळेल. मग त्याने ते बोलायला नको? गोव्यातल्या कॅप्टनने बंदरातल्या कोळशावर बोलून लोकांचा विश्वास मिळवला. इथे बंदरावर तोंड उघडणारा एक तरी निवृत्त अधिकारी दाखवा. बाजूने बोला नाहीतर विरोधात, पण बोला.

आता त्या राहिलेल्या प्रश्नाकडे. आपल्या घरातला ऑफिसर.

सैन्यात अधिकारी व्हायला जातीचं आरक्षण नाही, त्यामुळे आश्रमशाळेतल्या पोराला पुण्याच्या पोराबरोबर एकाच रांगेत उभं राहावं लागतं. एनडीएची परीक्षा यूपीएससी घेते, वर्षातून दोनदा. पेपर इंग्रजी आणि हिंदीत, मराठीत नाही. भूदलासाठी बारावी कुठल्याही शाखेची चालते, नौदल आणि हवाई दलाला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागतं. लेखी पास झालं की पाच दिवसांची एसएसबी मुलाखत, जिथे आठ-दहा अनोळखी मुलांमध्ये इंग्रजीत बोलून आपलं म्हणणं मांडावं लागतं. धावण्यात, चढण्यात, उपाशी राहण्यात आपली पोरं कुणाला ऐकणार नाहीत. अडतात ती गणितात आणि त्या पाच दिवसांत. आपल्या किती आश्रमशाळांत बारावी विज्ञान आहे आणि जिथे आहे तिथे गणिताचे शिक्षक वर्षभर असतात का, हे प्रत्येकाने आपल्या गावात जाऊन बघावं. कर्नल तिथे तयार होतो, किंवा तिथेच राहून जातो.

राज्य सरकारची छत्रपती संभाजीनगरला एसपीआय म्हणून संस्था आहे, १९७७ पासून, दहावीनंतर निवडलेल्या मुलांना एनडीएची तयारी करून देते. साताऱ्याची सैनिक शाळा १९६१ ची. सुप्रीम कोर्टाच्या आदेशामुळे मुलींनाही एनडीएचं दार उघडलं आणि २०२५ च्या मे महिन्यात पहिल्या १७ मुली तिथून बाहेर पडल्या. आपल्या मुली रोज डोक्यावर पाणी आणून मग शाळेत जातात, त्यांना हे कुणी सांगितलंय का?

आणखी एक गोष्ट डोळ्यांसमोर घडणार आहे. अग्निवीर. २०२२ ला योजना आली, त्याच वर्षाच्या शेवटी पहिल्या तुकड्यांचं प्रशिक्षण सुरू झालं. चार वर्षं, मग पंचवीस टक्के आत, बाकीचे सुमारे ११ लाख ७१ हजार रुपये घेऊन घरी, पेन्शन नाही. म्हणजे २०२६ संपता संपता गावोगाव बावीस-तेवीस वर्षांची फौजी पोरं परत यायला लागतील. ग्रामपंचायतीला वयाची अट २१, विधानसभेला २५. समजतंय ना? आजवर फौजी राजकारणात यायचा तो पन्नाशीनंतर, पेन्शन घेऊन. आता येईल तो मिसरूड फुटलेला, हातात थोडा पैसा, पुढे नोकरी नाही आणि अंगात रग. त्याला पहिला फोन कुणाचा येईल? सिक्युरिटी एजन्सीचा, नाहीतर एखाद्या पुढाऱ्याचा, बाऊन्सर म्हणून. ग्रामसभेतून त्याला कुणी बोलावलं, पाणी समितीवर घेतलं, दोन वर्षं वनहक्काचे कागद वाचायला बसवलं, तर त्यातूनच उद्याचा सरपंच आणि परवाचा आमदार निघेल. राखीव जागेवर उभा राहू शकणारा, इथलाच, फौजी.

ग्रुपवर मेसेज टाकणाऱ्या मित्रांना एक विनंती. आपापल्या गावातून कोण कोण सैन्यात आहे, कोण परत आलंय, कोण भरतीची तयारी करतंय, याची यादी करा. नावं ग्रुपवर टाकू नका, आपल्याजवळ ठेवा. एनडीएच्या फॉर्मला अनुसूचित जमातीच्या उमेदवारांना फी नाही. बारावीला असलेलं कुणी पोर, मुलगा असो की मुलगी, फॉर्म भरायला अडत असेल तर मला मेसेज करा. सायबर कॅफेत मी बरोबर येईन.